जयंतीमाईंचं तेजोजल

दिंडोशीच्या त्या सोसायटीच्या सभागृहात एवढी गर्दी वार्षिक सभेलाही होत नाही. पाण्याची टाकी गळते आहे, या आणि बोला, असं सांगितलं तर जेमतेम पहिली रांग भरते. जयंतीमाई येणार म्हटल्यावर मात्र खुर्च्या कमी पडल्या, बायका सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसल्या आणि उरलेल्या दारात चपलांच्या ढिगाशेजारी उभ्या राहिल्या. संक्रांत होऊन गेली होती. सोसायटीचं सामुदायिक हळदीकुंकू होतं आणि यंदा तिळगुळापेक्षा मोठं आकर्षण मंचावर बसलं होतं.

मोतिया रंगाची रेशमी साडी, कपाळभर चंदन आणि हातात माइक. माईंनी पुढच्या रांगेतल्या एका बाईंना वर बोलावलं. त्यांचा मदतनीस शिवदास याने बाईंच्या मनगटावर ओली हळद फासली. माईंनी एका नितळ बाटलीतून पाण्यासारखं काहीतरी चार थेंब त्यावर टाकलं, अंगठ्याने चोळलं आणि डोळे मिटले. बघता बघता पिवळी हळद लालभडक झाली.

"हळदीचं कुंकू झालं," कुणीतरी म्हणालं आणि सभागृहभर कुजबुज पसरली. काहींनी हात जोडले. एकीने पदराने डोळे पुसले आणि लगेच मोबाइल वर धरला, कारण भक्ती झाली तरी व्हिडिओ चुकवून चालत नाही.

"हा दोष," माई म्हणाल्या. "हिच्या कातडीत साठलेला. तेलकट त्वचा हा त्वचेचा रोगच नाही मुळी. मन जे सोडत नाही, ते कातडी सोडते. तुम्ही काय करता? बाजारात जाऊन जाड क्रीमं आणता आणि तेलावर तेल थापता. भोकं बुजतात, दोष आत कुजतो. आपलं तेजोजल हलकं का आहे? कारण त्यात पदार्थ नाही. नुसता संकल्प आहे."

संकल्पाला बाटली लागते आणि बाटलीला देणगी लागते, हे नंतर कोपऱ्यातल्या टेबलावर शिवदास समजावून सांगत होता. पण पहिली बाटली फुकट होती. नुसती फुकट नव्हे, ती वाण म्हणून दिली होती, आणि इथेच माईंची खरी हुशारी होती. रस्त्यात कुणी बाटली पुढे केली तर आपल्या बायका दहा प्रश्न विचारतील, वास घेतील आणि परत देतील. हळदीकुंकवाच्या वाणाला कुणी प्रश्न विचारत नाही. ओटी पसरायची, घ्यायचं आणि घरी न्यायचं. वाण नाकारायचं नसतं. अशा रीतीने त्या संध्याकाळी सोसायटीच्या प्रत्येक घरात, कसलंही नाव किंवा घटक न छापलेली एक बाटली सन्मानाने पोचली.

मागच्या रांगेत अनुपमा बसली होती. ती सांताक्रूझच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. हळद अल्कलीत लाल होते हे ती दरवर्षी नव्या मुलांना दाखवते, त्यामुळे तिला चमत्कार वगैरे काही वाटला नाही, हसू मात्र आलं. थोडा खायचा सोडा असेल पाण्यात, गुलाबाचं अत्तर असेल, चालू दे तमाशा, असं म्हणून ती तिळगूळ घेऊन घरी गेली. तिची बाटली न्हाणीघरातल्या फळीवर पडून राहिली.

तिच्या जावेची बाटली पडून राहिली नाही. सुनंदा, तिची थोरली जाऊ, त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते. बँकेत अधिकारी आहे, हिशेबाला पक्की आहे, कर्जाचा अर्ज आला तर अर्जदाराच्या आजोबांपर्यंत चौकशी करेल. पण सुनंदाला गार्गी नावाची कॉलेजात जाणारी मुलगी आहे आणि गार्गीचा चेहरा हा त्या घराचा जुना घोर आहे. सकाळी धुतलेला चेहरा दुपारी चकचकायला लागतो. तेल कमी करणारं काही लावलं की कातडी ताणते आणि लाल चट्टे येतात. ओलावा यावा म्हणून क्रीम लावलं की हनुवटीवर पुळ्या उठतात. तेलकट आणि वर नाजूक. मॉलमधल्या सगळ्या काउंटरवरच्या मुली तिला ओळखायला लागल्या होत्या. तिला जगावेगळं काही नको होतं. जड न वाटणारं आणि न झोंबणारं एक साधं काहीतरी हवं होतं.

तेजोजल लावलं त्या संध्याकाळी चेहऱ्यावरचं तेल गायब झालं. गाल कोरडे, हलके. गार्गीने काकूला फोनवर लिहून कळवलं की काकू, झकास आहे हे. अनुपमाने नुसता अंगठा पाठवला. त्या अंगठ्यापायी तिला पुढे स्वतःचाच फार राग आला.

आठवडा झाला नाही तोच चेहरा झोंबायला लागला. सुनंदाने माईंना फोन लावला. माई म्हणाल्या, जळतंय म्हणजे दोष जळतायत, हे शुभ आहे. मध्येच थांबलात तर दोष उलटेल आणि आधीपेक्षा दुप्पट येईल. तेव्हा लावणं वाढवा. सुनंदाने वाढवलं. आता सकाळ-संध्याकाळ ती स्वतः कापसाने लावायची, मुलीवर तिचा भरवसा नव्हता.

अनुपमा सहज वर गेली तेव्हा दार गार्गीने उघडलं. तिने ओढणी नाकापर्यंत ओढून घेतली होती. अनुपमाने ती बाजूला केली. दोन्ही गाल भाजल्यासारखे लाल, नाकपुड्यांच्या कडेने कातडी सुटलेली आणि जबड्याखाली एक ओला चट्टा.

"वहिनी, हे बंद करा," ती म्हणाली. "आज, आत्ता."

"बंद केलं की उलटतं. माईंनी सांगितलंय."

"माई डॉक्टर आहेत का?"

"डॉक्टरांनी काय दिवे लावले? तू बघितलंयस ना सगळं?" सुनंदाचा आवाज चढला. मग तो खाली आला, आणि त्याने जास्त लागलं. "तुला मुलगी नाही, अनू. पोरीचा चेहरा असा झाला की आईला काय होतं, ते तुला पुस्तकातून नाही कळायचं."

अनुपमा अपमान गिळून बाहेर पडली. लिफ्टपाशी गार्गी धावत आली आणि तिने अर्धी संपलेली बाटली काकूच्या हातात कोंबली. "खूप जळतं गं," एवढंच ती म्हणाली. "आईला वाटतं मी नाटक करते."

घरी येऊन अनुपमाने बाटली दिव्याखाली धरली. झाकण नीट लागलेलं नव्हतं आणि बाटलीच्या तोंडाशी पांढरी, खरखरीत कड धरली होती. ती कड तिने उभ्या आयुष्यात शेकडो वेळा पाहिली होती. प्रयोगशाळेत चुन्याची निवळी भरलेली बाटली उघडी राहिली की तिच्या तोंडाशी नेमकी अशीच कड बसते, आणि दरवेळी ती मुलांना त्यावरून ओरडते. दुसऱ्या दिवशी तिने ते पाणी कॉलेजात परीक्षानळीत घेतलं, त्यात स्ट्रॉ घालून फुंकलं, आणि श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने पाणी ताकासारखं पांढुरकं झालं.

सोडा नव्हता, चुना होता. चुना पाण्यात कालवायचा, खाली बसू द्यायचा, वरचं नितळ पाणी काढून घ्यायचं, त्यात थोडं अत्तर घालायचं, झालं तेजोजल. दिसायला पाणी, स्वभावाने जहाल. हळदीला लाल करतं. चेहऱ्यावरचं तेल खाऊन वर कोरडी भुकटी ठेवतं, म्हणून गाल हलके वाटतात. आणि नाजूक कातडीवर रोज लावलं की कातडी खातं. चमत्कार, हलकेपणा आणि जळजळ, तिन्हींचं कारण एकच होतं.

अनुपमा हे सांगायला पुन्हा वर गेली, तर सुनंदाने साखळी लावूनच दार उघडलं. तिच्याकडे वेगळी बातमी होती. गार्गीचा दोष फार खोल असल्यामुळे माई स्वतः रथसप्तमीच्या हळदीकुंकवात, सगळ्यांसमोर, तिला पूर्णलेप लावणार होत्या. हा लेप पांढरा, घट्ट असतो. लावायचा आणि सकाळपर्यंत धुवायचा नाही. सुनंदाने हे अभिमानाने सांगितलं, कारण एवढ्या बायकांमधून माईंनी तिची मुलगी निवडली होती.

निवळी वरून काढून घेतल्यावर पिंपाच्या तळाशी काय उरतं, हे अनुपमाला कुणी सांगायला नको होतं. तो घट्ट पांढरा लेप म्हणजे नुसता चुना, आणि तो रात्रभर सोललेल्या गालांवर राहणार होता. तिने सोसायटीच्या सेक्रेटरींना गाठलं. हा महिलांच्या श्रद्धेचा विषय आहे मॅडम, मी कसा पडू मध्ये, असं म्हणून ते पार्किंगच्या वादाकडे वळले. तिने गार्गीला परस्पर डॉक्टरकडे नेण्याचा घाट घातला, तर सुनंदाने मुलीचा फोन काढून घेतला आणि कॉलेजही बंद केलं. एकोणीस वर्षांची मुलगी, मतदान करते, पण स्वतःच्या गालावर काय लावायचं यात तिला मत नव्हतं.

मग अनुपमाने सोसायटीच्या महिला मंडळाला निरोप पाठवला की रथसप्तमीचं वाण आमच्याकडून. वाणाला नाही कोण म्हणणार? मंडळाच्या बायकांना उलट बरं वाटलं, मास्तरीणबाईंना उपरती झाली म्हणून.

त्या संध्याकाळी सभागृह पुन्हा तुडुंब भरलं. मंचावर चौरंग, चौरंगावर पांढऱ्या लेपाचा वाडगा, शेजारी तेजोजलाची बाटली आणि समोरच्या खुर्चीत मान खाली घातलेली गार्गी. सुनंदा तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. हळदीकुंकू झालं, सगळ्यांच्या हातांना हळद लागली आणि अनुपमाने वाण वाटलं. कागदाची पुडी उघडून बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आत धुण्याच्या साबणाची वडी होती. कुणी हसलं, कुणी नाक मुरडलं, पण परत कुणी दिली नाही.

अनुपमा पाण्याची कळशी घेऊन मध्ये उभी राहिली. "बोट ओलं करा, वडीवर फिरवा आणि हातावरच्या हळदीला चोळा," ती म्हणाली. वर्गात चाळीस मुलांना गप्प करणारा आवाज होता तो. बायकांनी केलं. पहिल्या रांगेतले हात लाल झाले, मग दुसऱ्या रांगेतले, मग दारातलेसुद्धा. सगळं सभागृह आपापल्या हातांकडे बघत बसलं.

"यात माझा संकल्प नाही," अनुपमा म्हणाली. "वरणाचा डाग पडलेला सदरा साबणाने घासला की डाग लाल होतो. तो आपण सगळ्यांनी पाहिलाय. मोरीत पाहिला की डाग आणि इथे पाहिला की चमत्कार, असं का? कपाळाला लावतो ते कुंकूसुद्धा आपल्या पणज्या हळदीला चुना देऊनच करायच्या. त्यांनी ते करून कुणाची देणगी घेतली नाही."

दोन-चार जणी हसल्या. माई डगमगल्या नाहीत. त्यांनी माइक तोंडाशी नेला आणि मधाळ आवाजात म्हणाल्या, "बघितलंत ना? मी नुसती इथे बसले आहे, तर साबणालाही गुण आला."

आणि बायकांनी माना डोलावल्या. इथे राग आल्याशिवाय राहत नाही. शिकलेल्या, नोकऱ्या करणाऱ्या, भाजीवाल्याच्या काट्यावर नजर ठेवणाऱ्या बायका, स्वतःच्या हाताने केलेला प्रयोग स्वतःच्या हातावर दिसत असताना, तो माईंच्या नावावर जमा करून मोकळ्या झाल्या.

अनुपमाने चौरंगावरची बाटली उचलली, थोडं तेजोजल काचेच्या पेल्यात ओतलं, पिशवीतून स्ट्रॉ काढली आणि फुंकलं. बुडबुडे आले आणि बघता बघता पेल्यातलं पाणी पांढुरकं झालं. "शाळेत प्रत्येकीने केलंय हे," ती म्हणाली. "ही चुन्याची निवळी आहे. आणि त्या वाडग्यात चुना आहे. तो माझ्या पुतणीच्या गालावर लावणार आहेत."

आता मात्र कुजबुज वाढली. माईंच्या गालावरची शीर उडाली, पण जीभ शाबूत होती. "हिच्या श्वासात नास्तिकपणा आहे. पवित्र जलाने तो दाखवला."

"मग तुम्ही फुंका," अनुपमा म्हणाली आणि तिने नवी स्ट्रॉ पुढे केली. "तुमच्या श्वासाने नितळ राहील."

माईंनी हात पुढे केला नाही. शिवदास मध्ये आला आणि कार्यक्रमात विघ्न आणू नका, महिलांनी यांना बाहेर न्यावं, असं काहीबाही बोलायला लागला. मंडळाच्या दोघीतिघी उठल्यासुद्धा. तेवढ्यात सुनंदा बोलली. तिला अनुपमाचा विलक्षण संताप आला होता.

"माई, फुंकाच तुम्ही," ती म्हणाली. "एकदाचं हिचं तोंड बंद होऊ दे."

तिने हे मनापासून म्हटलं. हिच्या श्वासाने होतं ते माईंच्या श्वासाने होणार नाही, यावर त्या सभागृहात तिच्याइतका विश्वास कुणाचाच नव्हता. म्हणून तर माईंची पंचाईत झाली. नास्तिकाला उत्तर द्यायला त्यांच्याकडे शंभर वाक्यं होती, भक्ताच्या साध्या विनंतीला एकही नव्हतं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि मुहूर्त टळला म्हणून जाहीर केलं. पूर्णलेप आता पुढच्या वेळी, असं म्हणून त्यांनी शिवदासला आवरायची खूण केली.

शिवदास घाईत होता. बाटल्या त्याने पेटीत कोंबल्या. मग वाडगा उचलायची वेळ आली तेव्हा त्याने रोजच्या सवयीने खिशातून जाड रबरी हातमोजे काढले, ते कोपरापर्यंत चढवले आणि मगच वाडग्याला हात लावला. त्याला स्वतःलाही आपण काय केलं ते कळलं नसावं.

सुनंदा त्या हातमोज्यांकडे बघत राहिली. "हातमोजे कशाला?" तिने विचारलं.

शिवदासने माईंकडे पाहिलं. माईंनी दाराकडे पाहिलं.

"उचलायला हातमोजे लागतात," सुनंदा सावकाश म्हणाली, "आणि हिच्या गालावर रात्रभर ठेवायचं होतं?"

गुरू आणि मदतनीस पेटी घेऊन चपलांचा ढीग तुडवत निघून गेले. त्यांच्यामागे कुणी धावलं नाही, पण त्यांना कुणी अडवलंही नाही. अनुपमाने दुसऱ्या दिवशी बाटली घेऊन पोलिसांत लेखी तक्रार दिली. तोवर माई दिंडोशी सोडून गेल्या होत्या. सध्या मुलुंडकडे शीतलजल नावाचं काहीतरी फार चालतं असं ऐकू येतं, आणि तिथेही म्हणे हळद लाल होते.

सोसायटीतल्या बायकांनी अनुपमाचे आभार मानले असतील असं कुणाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. सणाच्या दिवशी शोभा केली म्हणून कित्येकजणी अजून तिच्याशी लिफ्टमध्ये बोलत नाहीत. आपण फसलो यापेक्षा आपल्याला कुणीतरी ते दाखवून दिलं, याचा राग माणसाला जास्त येतो.

सुनंदा मात्र गार्गीला घेऊन अनुपमाबरोबर सांताक्रूझला गेली. त्वचेच्या डॉक्टर रुचिका तांडेल खारदांड्याच्या कोळीवाड्यात वाढलेल्या, बोलायला रोखठोक. त्यांनी भिंगातून गाल पाहिले, घरातली सगळी क्रीमं बंद करायला सांगितली आणि भाजलेल्या जागेवर लावायला औषध दिलं. कातडी भरली की एखादं हलकं, बिनवासाचं जेल घ्या, म्हणाल्या. आधी कानामागे लावायचं, काही दिवस वाट बघायची, झोंबलं नाही तरच चेहऱ्यावर. एका वेळी एकच नवीन वस्तू, म्हणजे बिघडलं तर कशाने बिघडलं ते कळतं. बाटलीवर आत काय आहे ते लिहिलेलं नसेल तर फुकट मिळाली तरी घ्यायची नाही.

चेहऱ्यावर तेज कधी येईल, असं सुनंदाने विचारलं.

"तेज वगैरे काही येणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तेलकट आहे, तेलकट राहील. त्रास कमी होईल. जबड्याखालचा डाग मात्र लवकर जाईलसं वाटत नाही."

परतताना रिक्षात सुनंदाला रडू फुटलं. मुलीचा हात धरून ती म्हणाली, "इतकं दुखत होतं तर तू मला सांगितलं का नाहीस गं?"

गार्गीने हात सोडवून घेतला. "रोज सांगत होते, आई. मी जळतंय म्हटलं की तू माईंना फोन करायचीस आणि हिला जळतंय, काय करू, असं विचारायचीस. मला कधीच विचारलं नाहीस."

रिक्षा सिग्नलला थांबली होती. अनुपमाने जावेची बाजू घेतली नाही, कारण मुलगी खरं तेच बोलत होती.

एवढंच सांगायचं आहे. हळद का लाल होते हे सगळ्यांना माहीत असायलाच हवं असं नाही. ते एखाद्या मास्तरणीला, डॉक्टरला विचारता येतं. पण ज्याच्या अंगाला लावता आहात तो जळतंय म्हणाला, की तेवढा पुरावा पुरे. हातातली बाटली खाली ठेवा आणि आधी चेहरा पाण्याने धुवा. मग विचारा, आत काय आहे. उत्तर द्यायच्या ऐवजी जो तुमच्या पापाबद्दल बोलायला लागेल, त्याला दारातून आत घेऊ नका, मग तो वाण घेऊन आलेला असला तरी.